पीडीएफ आत आली, लेखक बाहेरच राहिला

मागच्या अंकात संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर कुठलं निवडावं यावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत 'कुठलं' हा प्रश्न जवळजवळ नाहीच. बहुतेकांनी झोटेरो, मेंडेली किंवा एंडनोट यांपैकी काहीतरी उतरवून घेतलंय आणि ते पहिल्याच पायरीवर अडलेत: संदर्भ आत घ्यायचे कसे, आणि आत गेलेले असे वेडेवाकडे का दिसतात? मी झोटेरो वापरते, त्यामुळे बटणांची नावं बहुतेक त्यातलीच येतील. इतरांत काही वेगळं असेल तिथे सांगेन. प्रबंधांच्या संदर्भसूच्या तपासणं हे माझं रोजचं काम आहे, तेव्हा उत्तरांत थोडी कटकट डोकावली तर चालवून घ्या.

प्रश्न: ताई, दोन वर्षांत जमवलेल्या शेकडो पीडीएफ 'डाउनलोड्स'मध्ये पडून होत्या. सगळ्या एकदम निवडल्या आणि झोटेरोत ओढून टाकल्या. बऱ्याचशा नीट नोंदल्या गेल्या. पण काही 'मेन' किंवा '१-एस२.०' असल्या फायलीच्या नावानेच पडून आहेत, ना लेखक ना साल. एक-दोन तर भलत्याच लेखाच्या नावाने आल्यात. आता काय करू?
(प्रबंधाच्या शेवटच्या वर्षातली एक)

उत्तर: आधी तिथे घडतं काय ते बघ, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पीडीएफ टाकलीस की झोटेरो तिच्या सुरुवातीच्या काही पानांवरचा मजकूर उचलतो आणि ओळख पटण्याजोगं काही सापडतंय का ते पाहतो: डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक), आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) किंवा निदान शीर्षक वाटावी अशी ओळ. ओळख पटली की खंड, अंक, पानं, लेखकांची पूर्ण नावं हा तपशील तो बहुतेक वेळा क्रॉसरेफसारख्या, डीओआयची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडून मागवतो. म्हणजे तुझ्या पीडीएफचा उपयोग फक्त ओळख पटवण्यापुरता. माहिती येते ती बाहेरून.

हे लक्षात घेतलंस की तुझ्या दोन्ही तक्रारींचा उलगडा होतो. ज्या फायली नुसत्याच पडून आहेत त्यांतल्या काही स्कॅन केलेल्या असणार. स्कॅन म्हणजे पानाचं छायाचित्र. आपल्याला अक्षरं दिसतात, सॉफ्टवेअरला त्यात मजकूर सापडत नाही. फाइल उघड आणि एखादी ओळ माउसने निवडता येते का बघ. येत नसेल तर कारण तेच. काही लेख डीओआयच्या आधीच्या काळातले असतील. ही व्यवस्था २००० साली सुरू झाली. अनेक प्रकाशकांनी जुन्या अंकांनाही मागाहून क्रमांक दिले, पण तो जुन्या पीडीएफच्या पानावर छापलेला कुठून असणार? आणि भलत्याच लेखाच्या नावाने जे आलेत ते उघडून पहिलं पान नीट वाच. बऱ्याचदा तिथे दुसऱ्याच लेखाचा डीओआय असतो. एखाद्या लेखावरची प्रतिक्रिया असेल तर मूळ लेखाचा, किंवा आधीचा लेख त्याच पानावर संपत असेल तर त्याचा. सॉफ्टवेअरने समोर दिसला तो उचलला.

आता निस्तरायचं कसं. नुसत्या पडलेल्या फायलीवर राइट क्लिक कर आणि 'क्रिएट पेरेंट आयटम' निवड. एक चौकट उघडेल, तिथे डीओआय टाक. तो फायलीत नसेल तर शीर्षक अवतरणचिन्हांत घालून शोध, प्रकाशकाच्या पानावर मिळेल. 'मेन' आणि '१-एस२.०' या नावांना घाबरू नकोस. सायन्सडायरेक्टसारख्या ठिकाणांहून उतरलेल्या फायलींची नावं तशीच असतात आणि आत डीओआय छापलेला असतो. भलत्या नावाने आलेल्यांचं मात्र वेगळं. तिथे चुकीच्या नोंदीचे रकाने एकेक करून दुरुस्त करत बसू नकोस, हमखास एखादा राहतो. खंड बरोबर, पण पानं जुन्याच लेखाची, असा प्रकार मी किती सूच्यांत पाहिलाय! त्यापेक्षा वरच्या पट्टीतल्या जादूच्या कांडीवर क्लिक करून बरोबर डीओआयने नवी नोंद घे, पीडीएफ ओढून तिच्याखाली ठेव आणि चुकीची नोंद काढून टाक. त्या कांडीत आयएसबीएन, पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतला क्रमांक आणि अर्काइव्ह या खुल्या लेखांच्या भांडारातला क्रमांकही चालतो. एकदम दहा-वीस डीओआय चिकटवलेस तरी ती घेते. आठ आकडी आयएसएसएन मात्र टाकू नकोस. तो अख्ख्या नियतकालिकाचा असतो, लेखाचा नव्हे.

आणि यापुढे पीडीएफपासून सुरुवात करूच नकोस. ब्राउझरमध्ये झोटेरोचा कनेक्टर बसव आणि लेखाचा गोषवारा जिथे असतो त्या पानावर उभी राहून त्याचं बटण दाब. पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडून तिथून दाबलंस तर पुन्हा ओळख पटवण्याच्याच फेऱ्यात अडकशील. बटणाचं चित्र बघायची सवय लाव. लेखाचं किंवा पुस्तकाचं चित्र दिसलं तर सॉफ्टवेअरला पान समजलंय. फोल्डर दिसला तर पानावर अनेक संदर्भ आहेत, दाबल्यावर यादी येईल, हवे त्यांवर खुणा कर. करड्या रंगाचं पान दिसलं तर थांब. ते फक्त 'वेबपेज' म्हणून साठवणार, आणि तुझ्या संदर्भसूचीत शोधनिबंधाच्या जागी संकेतस्थळ छापून येणार. पीडीएफ आपोआप यायची तर त्या ब्राउझरमधून तुला ती उघडता यायला हवी, हेही ध्यानात ठेव. ग्रंथालयाच्या सभासदत्वावर मिळणारा लेख असेल तर आधी तिथे लॉगिन कर.

माझ्या झोटेरोत 'तपासायचे' नावाचं एक कलेक्शन आहे. नवी नोंद आधी तिथेच जाते. प्रकार, लेखक, शीर्षक, साल आणि डीओआय या पाच जागा बघितल्याशिवाय ती तिथून हलत नाही. अर्धं मिनिट लागतं. तुझ्या ढिगासाठीही असंच एक कलेक्शन कर आणि रोज थोड्या नोंदी बाहेर काढ. प्रबंध सादर करायच्या आदल्या रात्री हे करणारे भेटतात मला, त्यांचं कौतुक करायला जीभ रेटत नाही.

प्रश्न: मॅडम, संदर्भसूचीत जागतिक आरोग्य संघटनेचं इंग्रजी नाव 'ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.' असं छापून आलं. परीक्षकांनी त्यावर लाल गोल केला. मी तर नाव नीट टाइप केलं होतं.
(एक संशोधक)

उत्तर: गोल योग्य आहे. सॉफ्टवेअरला वाटलं, 'ऑर्गनायझेशन' आडनावाचा कोणी गृहस्थ आहे.

लेखकाच्या रकान्याचे दोन भाग असतात, आडनाव आणि नाव. संस्थेला आडनाव नसतं, त्यामुळे तो रकाना एकसंध करावा लागतो. झोटेरोत लेखकाच्या ओळीच्या शेवटी त्यासाठी छोटंसं बटण आहे. ते दाबलं की दोन भागांचा एक होतो, मग संस्थेचं पूर्ण नाव तिथे लिहायचं. एंडनोटमध्ये नावाच्या शेवटी स्वल्पविराम द्यायचा, त्याचा अर्थ 'हे सगळंच आडनाव समज'. लेटेक या मजकूर-जुळणीच्या प्रणालीत लिहिणारे संदर्भांसाठी जी बिबटेक फाइल वापरतात तीत नाव दुहेरी महिरपी कंसांत घालतात. बिबटेक १९८५ सालचं आहे आणि तेव्हापासून ही भानगड आहे, तेव्हा एकट्या तुमच्यावर आलेलं संकट नव्हे.

सरकारी अहवाल, जनगणना, आयोग, मंत्रालयं यांच्या नोंदी आपोआप आल्या असतील तर हे हटकून बघा. अहवाल 'बुक' म्हणून आला असेल तर प्रकार बदलून 'रिपोर्ट' करा. त्याशिवाय अहवाल क्रमांकाला रकानाच मिळत नाही.

प्रश्न: गूगल स्कॉलरवर प्रत्येक लेखाखाली 'साइट'चं बटण असतं. तिथून बिबटेक किंवा एंडनोटची फाइल एका क्लिकमध्ये मिळते. तुम्ही मात्र मागच्या वेळी लिहिलंत की स्कॉलरवरून संदर्भ घेऊ नका. इतकं सोपं सोडून लांबचा रस्ता का?
(घाईत असणारा एक वाचक)

उत्तर: स्कॉलर शोधायला उत्तम आहे. मीही तिथेच शोधते. पण तिथली माहिती यंत्राने पानं चाळून गोळा केलेली असते. ती बिबटेक फाइल एकदा नोटपॅडमध्ये उघडा आणि काय नाही ते बघा. डीओआय सहसा नसतो. अंक क्रमांक कधी असतो, कधी नसतो. लेखकांच्या नावांची पुष्कळदा फक्त आद्याक्षरं असतात. आणि एखादा लेख तीन ठिकाणी ठेवलेला असेल तर साल कुठल्या प्रतीचं उचललं जाईल याचा नेम नसतो. स्कॉलरमध्ये सापडलेल्या शीर्षकावर क्लिक करून प्रकाशकाच्या पानावर जा आणि तिथून आत घ्या. वैद्यकातला लेख असेल तर पबमेडवरून. तुमचा लांबचा रस्ता एका क्लिकने वाढला.

आता याचा अर्थ प्रकाशकाकडून आलेली नोंद म्हणजे वेदवाक्य, असा नाही. क्रॉसरेफकडे तपशील पाठवतो तो प्रकाशकच, आणि प्रकाशकांकडेही कंटाळलेली माणसं असतात. शीर्षक सगळंच्या सगळं कॅपिटल अक्षरांत येतं. लेख ऑनलाइन आल्याची आणि अंकात छापल्याची अशा दोन तारखा असतात आणि वर्ष बदलताना नेमका घोळ होतो: लेख डिसेंबरात ऑनलाइन आला, अंक पुढच्या मार्चचा. खंड आणि पानं अंकाची देत असाल तर सालही अंकाचंच द्या.

शीर्षकाच्या कॅपिटलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण यावर बाकीची तीन पत्रंही आहेत. इंग्रजी शीर्षकं 'सेंटेन्स केस'मध्ये साठवा, म्हणजे पहिलं अक्षर आणि विशेषनामं तेवढी मोठी. संदर्भ लिहिण्याच्या एपीए पद्धतीला लेखाचं शीर्षक तसंच हवं असतं. एमएलए या दुसऱ्या पद्धतीला प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लागतं, आणि ते सॉफ्टवेअर आपलं आपण करून देतं. उलट दिशेने त्याला धड जमत नाही, कारण कुठला शब्द विशेषनाम आहे हे त्याला कळत नाही. झोटेरोत शीर्षकाच्या रकान्यावर राइट क्लिक करून 'ट्रान्सफॉर्म टेक्स्ट' निवडलं की रूपांतर होतं, मग गावांची आणि माणसांची नावं हाताने मोठी करायची. शीर्षक जर्मन किंवा फ्रेंच असेल तर 'लँग्वेज' रकान्यात ती भाषा लिहा, नाहीतर एमएलएच्या नियमाने त्या शीर्षकातही नको तिथे मोठी अक्षरं येतील. देवनागरी शीर्षकांना हा त्रासच नाही, हे वाचून बरं वाटेल.

प्रश्न: संपादित ग्रंथातल्या एका प्रकरणाचा संदर्भ द्यायचा होता. पुस्तकाचा आयएसबीएन टाकला तर संपूर्ण पुस्तक आलं आणि संपादक लेखक होऊन बसले. प्रकरणाच्या लेखकाचा पत्ताच नाही. शिवाय माझ्याकडची काही पुस्तकं १९६० च्या आधीची आहेत, त्यांवर कसलाच क्रमांक नाही. काही देवनागरीतली आहेत. ती कशी घ्यायची?
(एक निवृत्त प्राध्यापक)

उत्तर: सर, आयएसबीएन हा अख्ख्या पुस्तकाला मिळालेला क्रमांक. आत कोणी कुठलं प्रकरण लिहिलंय हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे नोंद आल्यावर पहिलं काम म्हणजे 'आयटम टाइप' बदलून 'बुक सेक्शन' करणं. मग तीन जागा बघायच्या. शीर्षकाच्या रकान्यात प्रकरणाचं नाव हवं. 'बुक टायटल'मध्ये ग्रंथाचं नाव हवं. आणि नावांच्या डावीकडे जिथे 'ऑथर' लिहिलेलं दिसतं तिथे क्लिक करून संपादकांना 'एडिटर' करायचं, त्यांच्या वर प्रकरणाच्या लेखकाची नवी ओळ घालायची. पानं प्रकरणाची द्यायची. त्याच ग्रंथातली चार प्रकरणं वापरणार असाल तर ही एक नोंद नीट करून तिची प्रत काढा आणि फक्त प्रकरण, लेखक आणि पानं बदला.

अनुवादित पुस्तकांतही हेच होतं. ग्रंथालयांच्या तालिकांमधून आलेल्या नोंदीत अनुवादक बरेचदा 'काँट्रिब्युटर' म्हणून येतो, आणि मग तो छापील सूचीत दिसत नाही. त्याला 'ट्रान्सलेटर' करा. मूळ प्रकाशनाचं साल द्यायचं असेल तर 'एक्स्ट्रा' रकान्यात 'ओरिजिनल डेट' लिहून विसर्गचिन्हानंतर साल टाकायचं. हे शब्द इंग्रजीत लिहावे लागतात.

आयएसबीएन १९७० च्या सुमारास आला. आधी तो दहा आकडी होता, १ जानेवारी २००७ पासून तेरा आकडी झाला. तेव्हा तुमच्या जुन्या पुस्तकांवर क्रमांक नसणं स्वाभाविक आहे. अशी पुस्तकं वर्ल्डकॅट या जगभरातल्या ग्रंथालयांच्या एकत्रित तालिकेत किंवा एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेत शोधा आणि त्या पानावरून कनेक्टरने घ्या. आवृत्ती आणि साल मात्र हातातल्या प्रतीशी ताडून बघा, कारण तालिकेत पुनर्मुद्रण असू शकतं.

देवनागरी पुस्तकं मी सरळ हाताने भरते. आडनाव आडनावाच्या जागी. नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही नावाच्या जागी. साल इंग्रजी अंकांत, 'लँग्वेज'मध्ये मराठीचं दोन अक्षरी चिन्ह. एकाच लेखकाचं नाव एका नोंदीत रोमनमध्ये आणि दुसरीत देवनागरीत ठेवलंत तर सॉफ्टवेअर त्यांना दोन वेगळी माणसं समजेल. सूचीत रोमन लिपीतल्या नोंदी आधी आणि देवनागरी नंतर लागतात. तुमच्या विद्यापीठाला दोन वेगळ्या सूच्या हव्या असतील तर ते सोयीचंच आहे, एकत्र अकारविल्हे हवी असेल तर शेवटी हाताने लावावी लागेल.

प्रश्न: आम्ही तिघे मिळून वर्डमध्ये एक शोधनिबंध लिहितोय. एकच लेख संदर्भसूचीत दोनदा येतोय, एकदा २०१९ए आणि एकदा २०१९बी असा. माझ्या लायब्ररीत तो दोनदा होता म्हणून मी एक नोंद उडवली. तरी तेच!
(वैतागलेली सहलेखिका)

उत्तर: उडवलीत तिथेच गोम आहे. जुळ्या नोंदी सापडल्या तर त्या उडवायच्या नसतात, एकत्र करायच्या असतात. झोटेरोत डावीकडे 'डुप्लिकेट आयटम्स' असतं, तिथे जोडी निवडून 'मर्ज' करा. एकत्र केलेल्या नोंदीला जुन्या दोघींची ओळख लक्षात राहते, त्यामुळे वर्डमधल्या ज्या सायटेशनने (मजकुरात घातलेल्या संदर्भाने) दुसरी नोंद वापरली होती तीही आता हिच्याकडेच येते. उडवलेल्या नोंदीचं तसं होत नाही. तिचा तपशील वर्डच्या फायलीत साठवलेला असतो, म्हणून ती सूचीत छापली जात राहते, पण लायब्ररीशी तिचा संबंध तुटलेला असतो. तुम्ही लायब्ररीत कितीही दुरुस्त्या करा, तिच्यापर्यंत पोचत नाहीत. कचरापेटी अजून रिकामी केली नसेल तर ती नोंद परत आणा आणि मर्ज करा. केली असेल तर वर्डमध्ये त्या लेखाची सगळी सायटेशन्स शोधून नव्याने घाला.

पण तुमच्या बाबतीत मला दुसराही संशय आहे. तिघे आहात, म्हणजे तिघांच्या तीन लायब्ऱ्या. तोच लेख तुम्ही आपल्या लायब्ररीतून घातलात आणि सहकाऱ्याने त्याच्या, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ते दोन वेगळे संदर्भ. लेखक तोच, साल तेच, म्हणून ते ए आणि बी लावून मोकळं होतं. यावर उपाय एकच, ग्रुप लायब्ररी करा. या निबंधाचे सगळे संदर्भ तिच्यात ठेवा आणि तिघांनीही तिथूनच घाला. आपापल्या लायब्ररीतून घालायचं नाही हे तिघांत स्पष्ट ठरवून घ्या, कारण शोधताना दोन्हीकडच्या नोंदी समोर येतात आणि घाईत वरची निवडली जाते.

एक अपवाद सांगते. प्रीप्रिंट (छापून येण्याआधी खुला ठेवलेला मसुदा) आणि नंतर छापून आलेला लेख जुळे दिसतात, त्यांचे डीओआय मात्र वेगळे असतात. छापील लेख वाचून लिहिलं असेल तर त्याची नोंद ठेवा. प्रीप्रिंटमधलाच एखादा आकडा उचलला असेल आणि तो छापील लेखात बदलला असेल, तर दोन्ही ठेवावे लागतील. अशा वेळी यादीतलं ए आणि बी चूक नसतं. आणि एकत्र करायच्याच असतील तर आधी दोन्ही नोंदींचा प्रकार सारखा करा, नाहीतर मर्ज होत नाही.

प्रश्न: एका चॅटबॉटला विषय सांगितला, त्याने वीस संदर्भ दिले आणि मागितल्यावर ते आरआयएस फाइलमध्येही करून दिले. एंडनोटमध्ये एकही त्रुटी न येता इंपोर्ट झाले. म्हणजे ते बरोबर आहेत असं धरायचं ना?
(एमएचा विद्यार्थी)

उत्तर: अजिबात नाही. आरआयएस म्हणजे साधा मजकूर. 'टीवाय' म्हणजे प्रकार, 'एयू' म्हणजे लेखक, 'पीवाय' म्हणजे साल, 'ईआर' आलं की नोंद संपली. अशा दोन अक्षरी खुणा आणि त्यांच्यापुढे जे लिहाल ते. तू स्वतःचं नाव, उद्याची तारीख आणि मनाने रचलेलं शीर्षक घातलंस तरी एंडनोट ते निमूट आत घेईल. त्रुटी येते ती खुणा चुकल्या तर. खरं-खोटं बघायचं काम त्याचं नाही.

त्या वीस नोंदी आधी काढून टाक. मग एकेकाचा डीओआय डीओआय डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर टाक. काही उघडणार नाहीत. काही उघडतील पण भलत्याच लेखावर नेतील, आणि हीच जास्त फसवी असतात, कारण क्रमांक खरा असतो. उघडलेल्या पानावरचं शीर्षक आणि लेखक ताडून बघ. जुळलं तर त्या पानावरूनच नवी नोंद घे आणि लेख वाच. जुळलं नाही तर सोडून दे. ज्या संदर्भाचं मूळ पान सापडत नाही त्याच्या आधाराने लिहिलेलं वाक्यही काढ, नुसता संदर्भ खोडून भागणार नाही.

डीओआय भरण्याचा आणखी एक फायदा. मागे घेतलेल्या शोधनिबंधांची 'रिट्रॅक्शन वॉच'ची यादी आहे. २०१९ पासून झोटेरो आपल्या नोंदी तिच्याशी ताडतो. सापडली तर नोंदीवर लाल इशारा येतो, आणि वर्डमध्ये घालायला गेलास तर आधी विचारतो. हे डीओआय किंवा पबमेड क्रमांकावरून चालतं. ते रकाने रिकामे असतील तर मागे घेतलेला लेख तुझ्या सूचीत खुशाल बसेल आणि कोणी काही बोलणार नाही, परीक्षक सोडून.

प्रश्न: लायब्ररीचं फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये ठेवलं तर दोन्ही संगणकांवर आपोआप येईल ना?

उत्तर: येईल, आणि एक दिवस उघडणार नाही. त्या फोल्डरमध्ये झोटेरो आणि एंडनोट दोघांचाही डेटाबेस असतो आणि दोघेही असं करू नका म्हणून बजावतात. त्यांची स्वतःची सिंक वापरा. झोटेरोत नोंदींच्या सिंकला मर्यादा नाही. पीडीएफसाठी फुकट जागा ३०० एमबी मिळते. ती संपली तर स्वतःच्या लायब्ररीतल्या फायली वेबडॅव्ह चालणाऱ्या दुसऱ्या ऑनलाइन साठवणुकीवर ठेवता येतात.

प्रश्न: माझ्याकडे आठ वर्षांपूर्वी हाताने टाइप केलेली दीडशे संदर्भांची यादी आहे, साध्या वर्ड फायलीत. ती एकदम आत घेता येईल, की पुन्हा सगळं एकेक करून?
(जुन्या प्रबंधाचं पुस्तक करू पाहणारी)

उत्तर: बरंचसं एकदम होईल. आधी एक बघा: यादीवर क्लिक केल्यावर ती करड्या रंगाची होते का? होत असेल तर ती कधीतरी सॉफ्टवेअरने तयार केलेली आहे आणि मजकुरातली सायटेशन्सही बहुधा जिवंत आहेत. झोटेरो किंवा मेंडेलीची असतील तर 'रेफरन्स एक्स्ट्रॅक्टर' नावाचं ऑनलाइन साधन त्या फायलीतून मूळ नोंदी काढून देतं. मग काहीच टाइप करावं लागत नाही.

खरोखरच हाताने टाइप केलेली असेल तर यादीचे दोन भाग करा, लेख एकीकडे आणि पुस्तकं दुसरीकडे. लेखांची यादी क्रॉसरेफच्या 'सिंपल टेक्स्ट क्वेरी'त चिकटवा. जुळतील त्या संदर्भांपुढे ते डीओआय लावून देतं. ते सगळे डीओआय कांडीत टाकले की नोंदी ताज्या तपशिलासह येतात, तुमच्या टायपिंगच्या चुका सोबत येत नाहीत. पुस्तकांसाठी आयएसबीएन शोधून तेच करा. उरलेल्यांसाठी, म्हणजे अहवाल, वृत्तपत्रांतले लेख, डीओआय नसलेली नियतकालिकं यांच्यासाठी 'एनीस्टाइल' वापरून बघा. ते नुसत्या मजकुरातून लेखक कुठला, शीर्षक कुठलं हे ओळखून रकाने पाडून देतं. इंग्रजी यादी एका साच्यात लिहिलेली असेल तर काम चांगलं होतं. मराठी संदर्भांसाठी मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

क्रॉसरेफने दिलेला डीओआय आंधळेपणाने घेऊ नका. एकाच लेखकाचे एका वर्षातले दोन लेख असतील, किंवा पुस्तक आणि त्या पुस्तकाचं परीक्षण यांचं शीर्षक सारखं असेल, तर दुसराच हाती लागतो. कांडीने नोंदी आत आल्या की जुनी यादी छापून शेजारी ठेवा आणि लेखक, साल, पहिलं पान एवढं पेन्सिलीने टिक करत जा. जिथे जुळत नाही तिथे लगेच जुनी यादी चुकली असं धरू नका. आठ वर्षांपूर्वी लेख ऑनलाइन असताना तुम्ही साल लिहिलं असेल आणि अंक नंतर निघाला असेल. आणि मजकुरात कंसांत टाइप केलेली नावं-सालं आहेत, ती मात्र आपोआप जोडली जाणार नाहीत. पुस्तकाचं एकेक प्रकरण पुन्हा लिहायला घ्याल तेव्हा त्या प्रकरणापुरती बदलत गेलात तर जड जाणार नाही.